एका कीबोर्डासाठी दोन जिल्हे

साताऱ्याला माणसं फुलांचं पठार बघायला जातात, सांगलीला कृष्णेच्या घाटावर जाऊन बसतात. मी परवा दोन्ही गावं करून आले आणि यातलं काहीही बघितलं नाही. मी कीबोर्ड बघत होते. या वाटेला अजून न गेलेल्यांसाठी हे लिहिते आहे. जाऊन आलेल्यांनी हसू नये, कारण हसायचं काम मी स्वतःच करणार आहे.

पाटण, निघण्याआधी

सना माझी नात, लेकीची लेक. शिकायला नागपूरला गेली आणि मुकी झाली. म्हणजे फोनवर. "जेवलीस का?" "जेवले." "बरी आहेस का?" "बरी आहे." की फोन ठेवला. पण खेळात ती बोलते. दर शुक्रवारी मगरिबच्या नमाजानंतर मी कॉम्प्युटरपुढे कानाला हेडफोन लावून बसते, आणि खेळता खेळता ती सगळं सांगते: खानावळीतली आमटी पाण्यासारखी, खोलीतली मुलगी घोरते, एका पेपराची भीती वाटते. समोर बसवून विचारलं असतं तर यातलं एक अक्षर बाहेर आलं नसतं.

खेळ असा आहे. बर्फाचा डोंगर, चार बायका, प्रत्येकीच्या हातात मशाल. माथ्यावर दार. मशाली विझायच्या आत वर पोचायचं, आणि चौघी पोचल्याशिवाय दार उघडत नाही. सना, तिच्या दोन मैत्रिणी आणि मी. त्या तिघी वर जाऊन हाका मारायच्या आणि माझी बाई पायथ्याशी. ती चालायचीच उचकी लागल्यासारखी. एक पाऊल, थांब. एक पाऊल, थांब. मग सना अर्ध्या वाटेवरून मला घ्यायला परत खाली यायची, आणि माझ्यापायी तिचीही मशाल विझायची.

आधी ती म्हणाली, पाटणचं नेट वाईट. नेट बदललं. मग म्हणाली, तुझा कीबोर्ड जुना झाला, बटणं बसलीत, मेकॅनिकल घे. त्यात प्रत्येक बटणाखाली आपली वेगळी स्प्रिंग असते, दाबलं की लगेच कळतं. मी "बघू" म्हणाले. पुढच्या शुक्रवारी खेळ संपता संपता तिची एक मैत्रीण म्हणाली, "पुढच्या वेळी ऋतुजाला घेऊ या का? आजी बघत बसतील." मी उठून गेले असं तिला वाटलं होतं. मी तिथंच होते. सना "हो" म्हणाली नाही. पण "नाही"ही म्हणाली नाही, आणि ते मला लागलं.

आता खरी भीती सांगते, जी मी घरात कुणाला सांगितली नव्हती. माझ्या डाव्या हाताचं अंगठीचं बोट सकाळी वाकत नाही. दिवस वर आला की सुटतं, पण कुरकुरत. खेळात डावीकडे वळायचं बटण नेमकं त्याच बोटाखाली येतं. दोष कीबोर्डाचा असेल तर नवा मिळेल. बोटाचा असेल तर ते कुठल्या दुकानात मिळतं? आणि मग शुक्रवारचं काय? परत "जेवलीस का, जेवले"?

सना म्हणत होती, घरपोच मागव. मी ऐकलं नाही. आम्ही पीठसुद्धा चिमटीत धरून बघतो आणि मग घेतो. मला हाताला लावून बघायचं होतं. खरं म्हणजे मला कीबोर्डापेक्षा बोट बघायचं होतं, पण बोटासाठी चालले असं कुठं सांगू?

"कीबोर्ड घ्यायला दोन जिल्हे?" सनाचे नाना, म्हणजे आमचे हे, म्हणाले. "चप्पल घ्यायला तरी पाटणच्या भाईर गेलीस कवा?"

"चप्पल घालून डोंगर चढायचा असता तर नसते गेले," मी म्हणाले आणि बुधवारी सकाळी एसटीत बसले.

सातारा

उंब्रज येईपर्यंत मी पुढच्या सीटची दांडी त्या एका बोटानं दाबत होते. शेजारच्या बाईंनी शेवटी विचारलं, "गाडी थांबवायची हाय का?" मी हात पदराखाली घेतला.

पोवई नाक्याजवळच्या दुकानात शिरले तर सगळे कीबोर्ड खोक्यांत बंद. काचेमागे उभं राहून बघायचे, सराफाकडच्या हारासारखे. दुकानदार तरुण, दाढी कोरलेली.

"नातवाला गिफ्ट का आजी?"

"मला हवाय. खेळायला."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. गल्ल्यापाशी त्याचा स्वतःचा एक कीबोर्ड उघडा होता, उरुसातल्या पाळण्यासारखे लाल-निळे दिवे फिरत होते त्यात. "ह्याला हात लावून बघा," म्हणाला.

मी एक बटण दाबलं. खट्. आणि माझ्यातली लग्नाआधीची, कराडची जुबेदा जागी झाली.

या जुबेदाची ओळख करून द्यायला हवी. वय अठरा, दोन वेण्या, वर नाक. माहेर कराडला, तिथंच टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जायची. तिची समजूत अशी होती की जगाचा कारभार तिच्या स्पीडवर चालतो. शेजारच्या मशीनवरच्या मुलीचं बोट बटणावर जरा रेंगाळलं की ही म्हणायची, "बोट हाय का मुसळ?" परीक्षेला जाताना नखांना मेंदी लावायची, का तर परीक्षकांनी हात बघावेत! परीक्षक कागद बघतात हे तिला नापास झाल्यावरसुद्धा पटलं नसतं. पण ती पास झाली, ते आणखी वाईट झालं.

तर ती बया साताऱ्याच्या दुकानात गल्ल्याशी उभी राहिली आणि सुटली. सरांनी घोटून घेतलेली ओळ, पुन्हा तीच ओळ. खटखटखटखट. मोबाईलचं कव्हर घ्यायला आलेली दोन माणसं वळून बघायला लागली. दुकानदार म्हणाला, "आयला." एवढं ऐकलं की जुबेदाला काय हवं! तिनं आणखी वेग घेतला, ओळ संपली, आणि ओळ संपल्यावर टायपिस्टाचा डावा हात जे करतो ते माझ्या डाव्या हातानं केलं. वर उठला आणि टाइपरायटरचा कागद पुढच्या ओळीवर नेणारा, इथं नसलेला दांडा ढकलला. दांड्याच्या जागी दुकानदाराचा चहा होता. तो त्याच्या मांडीवर गेला.

मी इतकी माफी मागितली की शेवटी त्यानंच मला खुर्ची दिली.

"चहाचं ऱ्हाऊ द्या," पँट झटकत तो म्हणाला. "टायपिंगला तुमी एक नंबर. पण गेमला ही बटणं जड. एक तास खेळला की बोट दमंल."

बोट. त्यानं सहज म्हटलं. पण अंगठीचं बोट एव्हाना ठणकायला लागलं होतं, अन् मी तर फक्त चार ओळी मारल्या होत्या. याला दिसलं काय? हात मी पुन्हा पदराखाली घेतला.

"कुपवाडला जावा," तो म्हणाला. "एमआयडीसीत रूपालीताई म्हणून हायत. मशिनींची पॅनेलं जोडायचं काम त्यांचं, पण कीबोर्ड पण जोडून देतात, पायजे तसल्या हलक्या बटणांचे. तिथं बसून खेळून बघता येतंय."

मी कंदी पेढे घेतले, त्यातले दोन त्याला दिले आणि इस्लामपूरची गाडी धरली. टाइप करता येतंय, मग बोट शाबूत आहे, असं मी खिडकीशी बसून मनाला सांगत होते. मन ऐकत होतं. बोट ऐकत नव्हतं.

इस्लामपूर

इथं माझी नणंद शमीम राहते. ब्लाउज शिवते, आणि आख्ख्या गल्लीची मापं तिला तोंडपाठ असल्यामुळं कोण किती सुटलं हे सांगत असते. दार उघडल्या उघडल्या म्हणाली, "भाभी, तुमी वाळलाय." मग माझ्या हातातली पेढ्यांची पिशवी बघून, "पण शहाण्या हाय."

इथल्या साखर कारखान्याच्या मळीच्या वासाची मला सवय नाही. आमच्याकडे कोयनेच्या अंगाला हवेला ओल्या गवताचा वास, इथं गोडसर आंबूस. शमीम म्हणते, हा वास थांबला की आम्हाला झोप येत नाही. जेवायला अख्खा मसूर आणि रोटी. आमच्याकडे आमटी भातावर ओतायची, घास कालवायचा, की झालं. इथं मसूर घट्ट, वर तेलाचा तवंग, आणि रोटी तोडून त्यात बुडवायची. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढतात. मी दोन रोट्या जास्त खाल्ल्या. काळजीनं काहींची भूक जाते, माझी वाढते.

सकाळी बोट वाकेना. चहा आला. मी कप उजव्या हातात धरला, मग कप खाली ठेवून बशी उजव्या हातात, मग बशी खाली ठेवून बिस्कीट उजव्या हातात.

"डावा काय उपासाला बसलाय?" शमीम म्हणाली.

"थंडीनं आखडलाय."

"ह्या उन्हाळ्यात?"

तिनं माझ्याकडं तिच्या त्या माप घेणाऱ्या नजरेनं बघितलं आणि मशीनवर कापड झाकलं. "चला, मी बी येती. सांगलीत मला अस्तर आणायचंय." अस्तर इस्लामपुरात हवं तेवढं मिळतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

कुपवाड

सांगलीच्या स्टँडवर शमीमनं भडंगाचा पुडा घेतला आणि आम्ही रिक्षानं कुपवाडला गेलो. मी "कारखाने" म्हटल्यावर धुराडी डोळ्यापुढे आणली होती. निघाले पत्र्याच्या शेडांचे बोळ, प्रत्येक शेडपुढे दुचाक्यांची रांग, आणि आतून कुठं घासल्याचा, कुठं ठोकल्याचा आवाज. रूपालीताईंची शेड त्यांत शांत. टेबलावर तारांचे गुंडाळे, भिंतीला टेकवलेली पॅनेलं आणि खिडकीशी एक कॉम्प्युटर. बाई पस्तिशीच्या असतील, चष्मा केसांत खोवलेला.

"काकी, तुमचा खेळच लावते," त्या म्हणाल्या. "त्याशिवाय कळायचं न्हाई."

त्यांनी एक कीबोर्ड पुढ्यात ठेवला. बटणं अशी हलकी की मांजराचं पाऊल पडलं तरी दबतील. डोंगर आला, बर्फ आला, मशाल हातात आली. मी बिस्मिल्ला म्हटलं आणि "डब्ल्यू" दाबलं. सनानं पहिल्या दिवशी फोनवर तेवढंच सांगितलं होतं: डब्ल्यू दाब, की पुढे जाशील.

एक पाऊल, थांब. एक पाऊल, थांब.

"दुसरा बघू," रूपालीताई म्हणाल्या आणि कीबोर्ड बदलला. एक पाऊल, थांब. त्यांनी तिसरा दिला. मी जोरात दाबून बघितलं, हळू दाबून बघितलं. उचकी तीच.

कीबोर्ड नवा. नेट सांगलीचं. मग उरलं काय? माझ्या कानात सनाची ती गप्प बसलेली शांतता घुमायला लागली. मी डाव्या हाताची मूठ करून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "राहू दे ताई. कीबोर्डाचा दोष नाही. माझी बोटंच गेली." इतके दिवस कुणाला न सांगितलेली गोष्ट मी एका परक्या बाईला सांगून बसले.

रूपालीताई काही बोलायच्या आत मागून फुर्र करून आवाज आला. शमीम हसत होती. तिच्या तोंडातून भडंग उडाला.

"हसतीस काय?"

"मगाधरनं मी तुमचा हात बघतीया," ती म्हणाली. "भाभी, तुमी कोंबडीगत टिपताय. टिप, की उचल. टिप, की उचल. माझ्या शिलाई मशिनीच्या मोटारीचं पायडल असं टिपलं तर बाईचं ब्लाउज तिच्या नातीला व्हईल! दाबून धरा की!"

"बटण दाबून धरायचं नसतं," मी ठसक्यात म्हणाले.

"कोन म्हनलं?"

कोण म्हणालं? कराडचे सर म्हणाले. मारा आणि उचला. बोट रेंगाळलं तर अक्षराची दांडी कागदावर चिकटते. दोन बटणं एकदम दाबली तर दांड्या एकमेकींत अडकतात आणि मग शाईत बोटं घालून सोडवत बसा. सरांची लाकडी पट्टी चुकणाऱ्याच्या बोटांवर यायची, आणि जुबेदाच्या बोटांवर ती कधी आली नाही याचा तिला केवढा तोरा! त्या तोऱ्याची ही कमाई. कराडची ती मशीन एव्हाना कुणीतरी भंगारात घातली असेल, पण जुबेदा अजून तिच्या दांड्या अडकू नयेत म्हणून जपत होती, माझ्या बोटांत बसून, माझ्या नातीच्या डोंगरावर!

रूपालीताईंनी खेळ बाजूला केला आणि पडद्यावर कीबोर्डाचं चित्र लावलं. दाबलेलं बटण त्यात उजळतं. मी दाबलं: लुकलुक, अंधार. त्यांनी दाबलं: बटण पेटलं आणि पेटलेलंच राहिलं. "सोडेपर्यंत चालू," त्या म्हणाल्या.

मी डब्ल्यूवर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. आता पट्टी येणार असं वाटलं. माझी बाई चालायला लागली. थांबलीच नाही. एका चालीत निघाली, झाडं मागं गेली, पूल मागं गेला...

"भाभी, दरी!" शमीम ओरडली.

मी उचललं नाही. इतक्या दिवसांनी चालत होते, कशी उचलू? बाई मशालीसकट दरीत गेली आणि आम्ही तिघी हसत सुटलो.

हसून झाल्यावर रूपालीताई म्हणाल्या, "पण ते बोट खरंच दुखतंय. न्हाई का?"

आता लपवायचं काय उरलं होतं! मी बोट दाखवलं. त्यांनी तीन कीबोर्डांतला सगळ्यात हलका घेतला, चिमट्यानं डावीकडच्या बटणाची टोपी काढली, खालचा स्विच उपटला आणि डबीतून दुसरा काढून बसवला. "ह्या एकालाच आणखी नरम स्प्रिंग. बाकीची तशीच." मी बोट ठेवलं. दाबलंसुद्धा नाही, नुसतं टेकलं, आणि पडद्यावर बटण उजळलं.

"बोट बरं करणारी मी न्हवं," त्या म्हणाल्या. "ते डॉक्टरला दाखवा. तोवर एवढं."

तो कीबोर्ड मी घेतला. रिक्षात शमीम म्हणाली, "म्हंजे जुन्याला काय धाड भरली न्हवती."

"गप बस आणि अस्तर आण."

"अस्तर? कसलं अस्तर?" ती म्हणाली आणि उरलेला भडंग माझ्यापुढं धरला.

परत पाटण

शुक्रवार. मी कॉम्प्युटरला नवा कीबोर्ड लावला. सनाचे नाना आवाज ऐकून आले. "कवड्या खेळतीस काय?" म्हणाले आणि बघत उभे राहिले.

हेडफोन लावला. ऋतुजा आलेलीच होती.

"नानी, आज तू..." सना चाचरली.

"एक डाव दे," मी म्हणाले. "नाही जमला तर मी आपणहून उठते."

ऋतुजा बाजूला झाली. गोड पोरगी आहे, म्हणाली, "आजी, ऑल द बेस्ट."

मशाली पेटल्या. मी दाबलं आणि धरलं. आधी दरी आठवत होती म्हणून कडेकडेनं. पुलापाशी डावीकडं वळायचं होतं. बोट टेकवलं, बाई वळली. दोन बटणं एकदम दाबली, धीर करून, आणि काही अडकलं नाही. ती तिरकी पळाली. वाऱ्याचा आवाज, बर्फ, आणि मी. मी कुणाशी बोलले नाही. बोलले तर हात सुटेल असं वाटत होतं. कुणाची मशाल कुठं दिसते हेही बघितलं नाही. चढ संपला तेव्हा समोर दार होतं, आणि दारापाशी सनाच्या दोन मैत्रिणी.

"अय्या, आजी!"

"सना कुठाय?" मी विचारलं.

तेवढ्यात कानात तिचा आवाज आला, काळजीचा. "नानी, कुठं अडकलीस? मी पायथ्याशी आलेय. दिसत नाहीस कुठंच."

पोरगी नेहमीसारखी मला घ्यायला खाली गेली होती.

"मी वर हाय," मी म्हणाले.

"कुठं वर?"

"दारात."

ती हसायला लागली, आणि हसता हसता पळायला. मी माथ्यावरून खाली बघितलं. अंधारात लांब एक मशाल वर येत होती. तिला यायला वेळ होता, म्हणून मी तेवढ्यात बोटाचंही सांगून टाकलं. सकाळी वाकत नाही, दुखतं, उद्या किती चालेल ठाऊक नाही.

"आधी का नाही सांगितलंस?"

"बदली आणशील म्हणून."

"वेडी आहेस," ती म्हणाली. मग पळता पळताच, "दुखलं की सांग. आम्ही हळू चालू. मशाली विझल्या तर पुन्हा पेटवू. आता हलू नकोस. थांब तिथंच, मी येतेय."

मी सगळी बोटं उचलून घेतली. थांबायचं असेल तर बोट उचलायचं. तेवढं मात्र जुबेदाला अठराव्या वर्षापासून येतं.